बुटीबोरीहून जपान, दुपारच्या झोपेआधी

नागपूरहून दक्षिणेला निघालेला रस्ता बुटीबोरीला दुभंगतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा सेलू-पवनारवरून वर्ध्याकडे. आजूबाजूला एमआयडीसी, सूतगिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि तीन पाळ्यांत चालणारं गाव. इथली बरीच तरुण कुटुंबं नोकरीसाठी बाहेरून आलेली. कुणी यवतमाळचं, कुणी बिहारचं, कुणी आंध्राचं. आजी-आजोबा गावाकडे राहिलेले. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दोन वर्षांचं पोट्टं कुणाच्या हवाली करून हिंडायला जायची सोय नसते. जायचं तर त्याला काखेत मारूनच.

अशा घरात कधीतरी मोबाइलवर जपान दिसतं. बाबागाडी ढकलत चेरीच्या झाडांखालून चाललेले आईबाप, नाराच्या बागेत हरणाला बिस्कीट भरवणारं पोर, तोंडावर मास्क बांधलेल्या बाईंच्या मागं चाकांच्या मोठ्या पेटीत उभी राहून रस्ता पाहणारी पाळणाघरातली पाच-सहा पिल्लं. लहान मुलाला घेऊन एका दिवसाची सहल काढावी तर तिथं, असं वाटायला लावणारा देश आहे तो. सहा वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही (आपल्याकडे ही सवलत पाच वर्षांपर्यंत). मोठ्या स्टेशनांवर आणि दुकानांत अंगावर पाजायची वेगळी खोली, बाळाचे कपडे बदलायला पाट, गरम पाणी. विमानाचं तिकीट मात्र बुटीबोरीच्या पगारात बसत नाही.

मौज अशी की जपान बुटीबोरीपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि तेही दोन्ही दिशांना. उत्तरेला कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर, नैर्ऋत्येला वर्ध्याचा विश्वशांती स्तूप. एक जपानी बाईंच्या दानातून उभं राहिलेलं, दुसरा जपानी भिक्खूंच्या संघानं बांधलेला. बांधणाऱ्यांनी लहान मुलांचा विचार केला होता असं मुळीच नाही. पण दोन्हीकडे भोवती भरपूर मोकळी जागा आहे, वाहनं आत येत नाहीत, आणि मूल धावत सुटलं तर फार तर गवतावर पडेल. दोन वर्षांच्या प्रवाशाला प्रेक्षणीय स्थळाकडून एवढंच हवं असतं.

आधी वर्धा. बुटीबोरीहून तास-सव्वातासाचा रस्ता. डिसेंबरात सकाळी सातला निघालं तर पोर अर्धं झोपेत गाडीत बसतं आणि केळझरपर्यंत तसंच राहतं. केळझरला टेकडीवर गणपतीचं जुनं देऊळ आहे. गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं तिथले लोक मानतात. परतीच्या वाटेवर ठेवावं, जाताना नको. लहान मुलाबरोबरच्या सहलीत पहिल्या दोन तासांतला उत्साह ज्या जागेला द्यायचा ती जागा आधीच ठरवावी लागते, आणि इथं ती स्तूपच असावी.

स्तूप वर्ध्याच्या गोपुरी भागात, गीताई मंदिराच्या शेजारी. पांढराशुभ्र घुमट, चार दिशांना चार बुद्धमूर्ती, भोवती प्रदक्षिणेची वाट. पहिली फेरी आईच्या कडेवरून होते. दुसऱ्या फेरीत मूल खाली उतरतं आणि त्याच्या लक्षात येतं की ही वाट कुठंच संपत नाही. मग तिसरी, चौथी. मोठ्या माणसांना ज्याचा कंटाळा येतो तेच त्याला हवं असतं. प्रदक्षिणा या प्रकाराचं इतकं मनापासून कौतुक करणारा भक्त दुसरा मिळणार नाही.

हा स्तूप वर्ध्यालाच का, याची गोष्ट 1933 सालापासून सुरू होते. साबरमती सोडून गांधीजी नुकतेच वर्ध्याला आले होते. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्खू त्या वर्षी त्यांना भेटले. फुजींचा जन्म 1885चा, क्यूशू बेटावरल्या कुमामोतो परगण्यातला. ‘निप्पोनझान म्योहोजी’ हा संघ त्यांनी काढलेला. हातातला चपटा, पंख्यासारखा ढोल वाजवत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणत चालणं ही त्यांची उपासना. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत; पुढं सगळ्यांनाच ते फुजी गुरुजी झाले. हिरोशिमा-नागासाकीनंतर त्यांनी शांतिस्तूप उभारण्याचं व्रत घेतलं. पहिला 1954 साली कुमामोतोला उभा राहिला. भारतात 1969 साली राजगीरच्या टेकडीवर, पुढं लेह, दार्जिलिंग आणि आपल्या वर्ध्यात. 1985 साली, शंभरीच्या उंबरठ्यावर, फुजी गुरुजी गेले.

ढोलाचा आवाज कानावर पडला तर मूल थबकतं. एकाच ठेक्यात, न थांबता वाजणारा तो आवाज भल्याभल्यांना संमोहित करतो. पोरं मात्र टाळ्या वाजवून त्यात सामील होतात. त्यांना गप्प बसवायची घाई करू नये. या संघात मंत्र मोठ्यानंच म्हणायचा असतो.

शेजारचं गीताई मंदिर हा विनोबांच्या नावाशी जोडलेला वेगळाच प्रकार. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. ‘गीताई’चे अठराही अध्याय कोरलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा जमिनीत उभ्या केलेल्या, त्यांच्या आतून-बाहेरून फिरायचं. 7 ऑक्टोबर 1980 रोजी विनोबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वाचणाऱ्याला अठरा अध्याय, आणि ज्याला अजून अक्षर ठाऊक नाही त्याला लपाछपीसाठी शंभर जागा. शिळा त्याच्यापेक्षा उंच, दोन शिळांमध्ये त्याला मावेल एवढी फट. इथं एका पालकानं शिळा वाचाव्यात आणि दुसऱ्यानं पोराच्या मागं पळावं, आणि अर्ध्या तासानं अदलाबदल करावी. बहुतेक घरांत ही अदलाबदल व्हायची राहूनच जाते आणि आईची गीताई दुसऱ्या अध्यायापुढं सरकत नाही, तो भाग वेगळा.

दहा-साडेदहाला पोटात कावळे ओरडू लागतात. वर्ध्याला त्यावर नामी उपाय आहे, गोरस भांडारातला गोरसपाक. साजूक तुपातला हा जाड, खुसखुशीत बिस्कीटवजा पदार्थ मुठीत धरून कुरतडायला बेताचा, तिखट नाही, चिकट नाही. चुरा मात्र गाडीभर होतो. हिवाळ्यात सोबतीला संत्री असतातच. संत्र्याची फोड सोलून, बी काढून देणं हे विदर्भातल्या प्रत्येक बापाला जमतं, नसेल तर शिकावं.

मग सेवाग्राम, वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आश्रम बघताना मोठी माणसं साधेपणाबद्दल बोलतात. मुलाच्या नजरेनं पाहिलं तर तिथली वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. बापूकुटीतलं सगळं जमिनीलगत आहे. बसायची चटई, टेकायचा तक्क्या, लिहायची बैठी मेज, सारवलेली जमीन, ठेंगणं छत. खुर्ची-टेबलांच्या जगात सतत मान वर करून बघावं लागणाऱ्या माणसाला हे घर आपल्या मापाचं वाटतं आणि मूल सरळ आत घुसू पाहतं. त्याला दोरीच्या अलीकडे थोपवून धरणं हे इथलं मुख्य काम. साप पकडून दूर नेऊन सोडण्यासाठी आश्रमात वापरायचा लाकडी पिंजराही ठेवलेला आहे. ‘यात साप होता’ एवढं एक वाक्य दहा मिनिटांची शांतता विकत घेतं.

बापूकुटीत तीन माकडंही आहेत, डोळे, कान आणि तोंड झाकलेली. गांधीजींची माकडं म्हणूनच आपण ती ओळखतो. त्यांचं गाजलेलं घर जपानात, निक्को गावच्या तोशोगू देवस्थानात आहे. तिथल्या घोड्यांच्या पागेवर सतराव्या शतकात कोरलेली ही त्रयी बघायला आज जगभरातून माणसं येतात. टोकियोहून एका दिवसात करायच्या सहलींमध्ये निक्कोचं नाव अगदी वरचं. सेवाग्रामला ती गर्दी नाही. पोर माकडांची नक्कल करतं, डोळे झाकून ‘मी दिसत नाही’ म्हणतं, आणि मागं कुणीही रांगेत खोळंबलेलं नसतं.

जपानचा इथला खरा धागा मात्र दिसत नाही, ऐकू येतो. फुजी गुरुजींच्या संघातला एक भिक्खू आश्रमात राहत होता. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरलं आणि ब्रिटिशांच्या पोलिसांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून नेलं. जाताना त्यानं आपला छोटा ढोल गांधीजींच्या स्वाधीन केला. त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला. आजही सेवाग्रामची सर्वधर्म प्रार्थना ‘नम्यो हो रेंगे क्यो’नं सुरू होते, झाडाखाली, उघड्यावर. संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी थांबायचं तर दुपारची झोप तिथंच कुठंतरी सावलीत काढावी लागेल. ज्यांचं मूल सतरंजीवर झोपतं त्यांनी थांबावं. ज्यांचं फक्त चालत्या गाडीत झोपतं त्यांनी बाराच्या आत परतीचा रस्ता धरावा. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम वाटेतच लागतो, पण नदी, खडक आणि दोन वर्षांचं मूल हे त्रिकूट एका फेरीत झेपणारं नाही. पवनार वेगळ्या दिवसासाठी राखावं.

याच मार्गाजवळ सिंदी रेल्वे हे गाव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी सजवून मुलं मिरवतात तो सोहळा विदर्भात सगळीकडे होतो, पण सिंदीचा विशेष नावाजलेला. जपानात 5 मे हा मुलांचा दिवस, त्या दिवशी घराघरांवर कापडी मासे फडकतात. आपल्या चाकांच्या बैलाला त्याहून एक गोष्ट जास्त येते, तो ओढता येतो.

उत्तरेकडची सहल अगदी निराळ्या तऱ्हेची. कामठीपर्यंत सरळ गाडीनंही जाता येतं, पण मग नागपूरच्या रहदारीत अडकलेल्या गाडीत रडणारं पोर सांभाळावं लागतं. त्यापेक्षा गाडी खापरीला ठेवून मेट्रो धरावी. नागपूर मेट्रोची नारंगी मार्गिका खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते. खापरी ते सीताबर्डी हा भाग 2019 मध्ये आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतचा शेवटचा भाग 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. सुरुवातीला गाडी जमिनीवरूनच पळते, विमानतळाजवळून जाताना नशीब असेल तर विमान उतरताना दिसतं, मग रूळ हळूहळू वर चढतात आणि वर्धा रोड खाली राहतो. गड्डीगोदामला तर चार मजले आहेत: सगळ्यात खाली रस्ता, त्यावर भारतीय रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. खालून मालगाडी चालली असेल तर खिडकीला नाक चिकटवलेल्या प्रवाशाचं त्या दिवसाचं सार्थक तिथंच झालं. पुढं काहीही बघितलं नाही तरी त्याची तक्रार नसते. आईबापांची असते.

नागपूरच्या जपानशी असलेल्या नात्यातली दोन ठिकाणंही याच मार्गिकेलगत येतात. रहाटे कॉलनीपासून दीक्षाभूमी जवळ. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथं धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तिथला हा प्रचंड स्तूप 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. दीक्षाभूमी स्मारक समितीचं अध्यक्षपद भूषवलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे जन्मानं जपानी, ओकायामाचे. साठच्या दशकात ते नागपूरला आले, इथलेच झाले, भारतीय नागरिकही झाले. त्यांचा इंदोरा बुद्धविहार इंदोरा चौक स्थानकाच्या भागात. दीक्षाभूमीच्या घुमटाखालच्या गारव्यात मूल शांत होतं, किंवा आपला आवाज कसा घुमतो ते तपासून पाहतं. दोन्हीची तयारी ठेवावी. अशोक विजयादशमीच्या सुमारास मात्र लाखोंचा समुदाय लोटतो. तो अनुभव थोर आहे, पण कडेवरचं मूल थोडं मोठं झाल्यावर घ्यावा.

ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीला ऑटो मिळतो. कामठी ही ब्रिटिशांनी वसवलेली जुनी छावणी, विड्या वळणाऱ्यांचं गाव. विडी कामगारांचे नेते दादासाहेब कुंभारे इथलेच. त्यांच्या कन्या, माजी राज्यमंत्री सुलेखा कुंभारे, यांच्या पुढाकारानं आणि जपानच्या ओगावा सोसायटीच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून 1999 साली ड्रॅगन पॅलेस उभं राहिलं. वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनागृहात चंदनाच्या एकाच ओंडक्यातून घडवलेली बुद्धमूर्ती आहे. आवारातल्या विपश्यना केंद्राचं उद्घाटन सप्टेंबर 2017 मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं.

नाव ऐकून ड्रॅगन शोधायला निघालेल्या मोठ्या भावंडांची जरा निराशा होते. धाकट्याला ड्रॅगनशी देणंघेणं नसतं. त्याला दिसते ती लांबच लांब हिरवळ, फुलांचे ताटवे, पाणी आणि पायऱ्या. पायऱ्यांवर अर्धा तास सहज जातो, कारण चढायला जमतं, उतरायला अजून जमत नाही. प्रार्थनागृहात मौन अपेक्षित आहे, म्हणून आईबापांनी इथंही पाळी लावावी. हिवाळ्याच्या उन्हात हिरवळीवर डब्बा उघडण्याचा मोह होईल. आवारात खायला कुठं चालतं ते विचारून घ्यावं. डब्यात दहीभात किंवा मेथीचे मऊ धपाटे असावेत. तर्री-पोहे मोठ्यांसाठी, परतीच्या वाटेवर.

परतताना कडबी चौकात उतरायचं त्राण उरलं असेल तर मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, डिसेंबर 2002 मध्ये सुरू झालेलं. नागपूर-छिंदवाडा आणि नागपूर-नागभीड या छोट्या गाड्या 2015 आणि 2019 साली बंद झाल्या. ज्यांनी त्यांतून प्रवास केला ते आजोबा आता नातवंडांना इथं इंजिन दाखवतात. त्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे दोन वर्षांच्या पोराच्या उंचीहून वीतभरही कमी नाही. आवारात फिरणारी चिमुकली गाडी चालू असली की नागपूरचं ते सर्वांत आनंदी प्रवासी स्थानक.

सेमिनरी हिल्सचं जपानी उद्यान नावापुरतंच जपानी. सकाळी फिरायला येणाऱ्यांची ती लाडकी जागा, झाडी दाट, हवा गार. पण बुटीबोरीहून खास तेवढ्यासाठी जाण्यात अर्थ नाही.

सोयींच्या बाबतीत जपानशी बरोबरी सांगू नये. बाळाचे कपडे बदलायला गाडीची डिकी किंवा आईची मांडी, हेच बहुतेक ठिकाणचं वास्तव. एसटीच्या बसस्थानकांत अंगावर पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ आहेत, ते कुलूपबंद नाहीत ना हे आधी पाहावं. पाणी घरचं, ओआरएसची पुडी, टोपी, जास्तीचे दोन जोड कपडे आणि ओली पुसणी एवढं सोबत असलं की निभतं. बाबागाडी स्तूपाच्या आणि ड्रॅगन पॅलेसच्या आवारात चालते, सेवाग्रामच्या मातीत रुतते. तिथं कडच बरी. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. मार्चनंतर दगडी फरशीवर अनवाणी पाय भाजतात आणि नवतपात तर मूल उंबऱ्याबाहेर काढणंच चुकीचं.

जपानच्या धाग्यात ओवता येईल असं आणखी एक ठिकाण रामटेकच्या वाटेवर आहे, मनसर. ससाई भन्तेंनी बोधिसत्त्व नागार्जुनांच्या शोधात तिथल्या टेकडीकडे लक्ष वेधलं आणि पुढं उत्खननात विटांची भव्य बांधकामं उजेडात आली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. वाचलेल्या, ऐकलेल्या माणसाला तिथं दिवस पुरत नाही. पण उघडी टेकडी, विटांचे कठडे नसलेले काठ आणि पुढं रामटेकच्या गडावर हातातलं केळं हिसकावणारी माकडं, शिवाय बुटीबोरीहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. तिथं पोराला पाचव्या-सहाव्या वर्षी न्यावं. तोवर वर्ध्याच्या आणि कामठीच्या फेऱ्या पुरेशा आहेत.